शाळेचा चार्ज घेणाऱ्यांसाठी: आधी सकाळ सांभाळा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण किंवा धारबांदोड्यातल्या एखाद्या दोन शिक्षकी सरकारी मराठी प्राथमिक शाळेचा चार्ज तुमच्याकडे येणार असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. माझी नोकरी सत्तरीतच गेली. आज वाळपईच्या पलीकडे एका वाड्यावरच्या शाळेची मी मुख्याध्यापिका आहे आणि तिसरी-चौथीची वर्गशिक्षिकाही आहे. आपल्या असल्या शाळांत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. मोठ्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांसाठी तयार केलेले सल्ले इथे फारसे लागू पडत नाहीत. आपल्याकडे कारकून नाही, शिपाई नाही, बदली शिक्षक वेळेवर मिळेल याची खात्री नाही.

चार्ज घेताना कपाटाच्या चाव्या, जनरल रजिस्टर, हजेरीपट, डेड स्टॉक, पोषण आहाराची वही असं सगळं मोजून घ्यायला सांगतात. ते घ्याच. पण त्याआधी सहशिक्षिकेबरोबर बसून एक गोष्ट पक्की ठरवा. सकाळी प्रार्थना झाल्यापासून पुढचे दोन तास फक्त शिकवायचं. त्या वेळात फोन नाही, पोर्टल नाही, सह्या नाहीत, दारात आलेल्या माणसाशी गप्पा नाहीत.

मी यावर एवढा भर देते त्याला हिशेब आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. दिवसाला चार तास. यातला रोजचा एक तास जरी माहिती भरण्यात आणि फोनवर गेला, तरी मुलाचं पाव वर्ष गेलं. चौथीपर्यंत मुलाला नापास करायचं नाही, त्यामुळे ते गेलेलं पाव वर्ष कुठल्याच कागदावर दिसत नाही. मूल पुढच्या वर्गात जातं आणि पाचवीला हायस्कूलच्या बाकावर बसल्यावर उघडं पडतं, तेही चाळीस मुलांच्या देखत.

तुमच्या शाळेत कोण बसतं ते आधी नीट बघा

आपल्या शाळा गावात आहेत त्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळापासून. डिसेंबर १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये गेले. त्या दहा वर्षांत गोव्याच्या गावागावांत सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्यांतल्या बहुतेक मराठी होत्या. आज त्याच शाळांमध्ये शिकून नोकरीला लागलेले लोक आपली नातवंडं इंग्रजी शाळेत घालतात. २०११ पासून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी अनुदान मिळू लागलं, अनुदानित शाळांचे बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, वाड्यावर येऊ लागले, आणि आपली पटसंख्या उतरत गेली. या पालकांना दोष देण्यात वेळ घालवू नका. त्यांना मुलाचं भलं हवं आहे आणि ते कुठे होईल याचा त्यांनी आपल्या परीने अंदाज बांधला आहे.

आता आपल्याकडे येतात ती दोन प्रकारची मुलं. एक, गावातल्याच ज्या घरांना अजून ही शाळा आपली वाटते त्यांची. दुसरी, कामासाठी आलेल्या कुटुंबांची. कुणी बांधकामावर, कुणी कुळागरात म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, कुणी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत. घरी कन्नड, लमाणी, हिंदी, उडिया. गावातल्या मुलांच्या घरीही कोकणी आहे, मराठी नाही. म्हणजे पहिलीच्या वर्गात पुस्तकाच्या भाषेत घरी बोलणारं मूल एखादंही नसेल. हे अडचण म्हणून सांगत नाही. पहिल्या दिवसापासून हे धरून चाललात तर बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

सुरुवातीचे काही आठवडे मुलाला ज्या भाषेत उत्तर येतं त्या भाषेत देऊ द्या. "मराठीत सांग" असं म्हटलं की कोकणी बोलणारं मूल अडखळतं आणि कन्नड बोलणारं गप्प होतं. त्याने कोकणीत सांगितलेलं वाक्य तुम्ही मराठीत म्हणा, फळ्यावर लिहा आणि त्यालाच वाचायला लावा. कन्नड मुलासाठी वरच्या वर्गातला त्याच भाषेचा मुलगा शेजारी बसवा. आमच्याकडे चौथीतला एक मुलगा हे काम इतक्या जबाबदारीने करतो, की सुट्टीत पहिलीतली दोन पोरं त्याच्याच मागून फिरतात.

प्रवेशाच्या वेळी कागद नाहीत म्हणून मुलाला परत पाठवू नका. वयाचा दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरीही नाही. दोन्ही गोष्टी कायद्यात स्पष्ट आहेत. आधी मुलाला वर्गात बसवा, कागदांच्या मागे नंतर लागा.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचं वाचन ऐका

हे काम सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधीच्या शिक्षकांनी ठेवलेले गुण, श्रेण्या, प्रगतिपत्रकं वाचा, पण त्यांवर थांबू नका. एकेका मुलाला बाजूला घ्या आणि वाचायला द्या. 'असर' या शैक्षणिक पाहणीची चाचणी २००५ पासून देशभर वापरली जाते, तीच पद्धत पुरेशी आहे. एका कागदावर सुटी अक्षरं, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, चौथ्यावर दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मूल जिथपर्यंत आरामात जाईल ती त्याची जागा. एका मुलाला काही मिनिटं लागतात. नाव आणि पातळी वहीत लिहा. मूल कुठल्या इयत्तेत आहे ते या वेळी विसरा.

इथे एका गोष्टीवर लक्ष ठेवा. पुष्कळ मुलं वाचत नाहीत, पाठ म्हणतात. तिसरीतल्या एका मुलीने माझ्यासमोर पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा न अडखळता म्हटला. आवाज खणखणीत, विरामचिन्हांवर थांबणं बरोबर. पण तिची नजर माझ्या तोंडाकडे होती आणि बोट दोन ओळी मागे राहिलं होतं. चित्र हाताने झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून हा कुठला म्हणून विचारलं, तर तिने पुन्हा धड्याच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात केली आणि मोजत मोजत तिथवर आली. तिला अक्षरं निम्मीसुद्धा ओळखता येत नव्हती. मुलगी हुशार, स्मरणशक्ती दांडगी, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा ऐकताना पाठ्यपुस्तक वापरू नका. मुलाने कधी न पाहिलेला मजकूर द्या आणि बोट शब्दाबरोबर सरकतं की नाही ते बघा.

निपुण भारत हा कार्यक्रम जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या हाताळाव्यात, असं लक्ष्य आहे. २०२६-२७ पर्यंत सगळ्या मुलांनी तिथे पोचावं अशी अपेक्षा. लक्ष्य चांगलं आहे, माझा त्याला पाठिंबा आहे. पण घड्याळ लावून ६० शब्द मोजण्याची घाई करू नका. अक्षरावर अडलेल्या मुलासमोर घड्याळ धरलं की ते अंदाजाने शब्द फेकायला लागतं, आणि ती सवय मोडायला फार दिवस जातात.

दोन शिक्षक, चार वर्ग

बहुतेक ठिकाणी पहिली-दुसरी एका खोलीत आणि तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत असते. आम्ही सकाळचा पहिला तास वर्ग मोडतो. शाळेतली सगळी मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतात. अक्षरवाली आणि शब्दवाली माझ्या सहशिक्षिकेकडे, उतारा आणि गोष्टवाली माझ्याकडे. महिनाभराने अदलाबदल, म्हणजे सगळी मुलं दोघींच्या नजरेखालून जातात. चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलांबरोबर बसला तर लाजेल, अशी भीती असते. थोडे दिवस लाजतो. त्याला चिठ्ठ्या वाटायचं, फळा पुसायचं काम द्या आणि त्याला कुणी "ढ" म्हणणार नाही याची काळजी स्वतः घ्या. आपल्याला वाचता येऊ लागलं हे त्याच्या ध्यानात आलं, की तो स्वतःहून पुढच्या गटात कधी जायचं ते विचारतो.

एका गटाला तुम्ही शिकवत असताना दुसऱ्या गटाला जे काम द्याल ते तपासलंच पाहिजे. बहुवर्ग अध्यापन बहुतेक ठिकाणी इथेच फसतं. "पान उतरवून काढा" असं सांगून पाठ फिरवली, की मुलांना कळतं हे काम कुणी बघणार नाही. काम लहान द्या. पाच शब्द, दोन वाक्यं, तीन वजाबाक्या. आणि पंधरा मिनिटांनी तिथे जाऊन प्रत्येक पाटीवर नजर टाका. खडूने बरोबर अशी खूण करा, चुकलं असेल तर फक्त जागा दाखवा.

वाचायला मजकूर कमी पडतो ही सगळ्यांची तक्रार. आम्ही मुलांचीच वाक्यं वापरतो. मूल बोलतं, आपण मोठ्या अक्षरात लिहितो, ते खाली चित्र काढतं. "बाबा काजू वेचायला गेला." "आमच्या वासराला आज कान टोचले." "नदीला पाणी आलं म्हणून बस आली नाही." अशी पानं दाभणाने शिवली की पुस्तक होतं. मार्च-एप्रिलमध्ये घरची सगळी माणसं काजूच्या बागेत असतात, तेव्हा ही पुस्तकं मुलांबरोबर घरी पाठवतो. आजीला अक्षर येत नसलं तरी नातवाचं नाव कुठे आहे ते ती बोट ठेवून विचारते.

गणिताला गावात साहित्य भरपूर आहे. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो, त्याचा हिशेब तिसरीच्या मुलांकडून करून घ्या. गणेशचतुर्थीनंतर माटोळीचा, म्हणजे गणपतीवर बांधतात त्या फळा-फुलांच्या छताचा, धडा घ्या, तो मला फार आवडतो. सुपारीचे कातरे, नारळ, चिबूड, तोरिंगण, कांगले, कवंडळं. कुणाच्या घरी काय काय होतं, किती होतं, ते कुठल्या झाडाचं किंवा वेलीचं, रानातून कुणी आणलं. मोजणी, तक्ता, परिसर अभ्यास, लिखाण, सगळं त्या एका आठवड्यात होतं. ज्या मुलाचे आजोबा रानात फिरणारे आहेत, तो एरवी मागे बसणारा मुलगा त्या आठवड्यात सगळ्यांना शिकवतो. बाहेरून आलेल्या मुलांनाही त्यांच्या घरच्या सणाला काय मांडतात ते विचारा. दोन तक्ते शेजारी शेजारी लावा.

कागद आणि पोर्टल

यूडायस प्लस (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल), अपार (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पोषण आहाराचे आकडे, शिष्यवृत्तीचे अर्ज, वरून अचानक मागितलेली माहिती. हे सगळं करावं लागतंच आणि टाळून भागत नाही. पण मुलं घरी गेल्यावर करा. आठवड्यातले दिवस दोघांत वाटून घ्या, म्हणजे एकाच्याच डोक्यावर सगळं येत नाही.

जूनमध्येच एक जाड वही करा. प्रत्येक मुलाला एक पान. जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, आईचं नाव, पालकांचा फोन, बँक खातं, सगळं एकदाच मूळ कागद बघून अक्षर न् अक्षर उतरवा. आमच्या भागात वर्गात निम्मी मुलं गावकर किंवा गावस. त्यात आधारवर एक स्पेलिंग आणि जन्मदाखल्यावर दुसरं. पोर्टल अडतं ते नेमकं तिथे. कुठल्या मुलाचा कुठला कागद दुरुस्त करायचा आहे याची यादी पालकांना जूनमध्येच द्या. काजूच्या मोसमात किंवा भातलावणीच्या दिवसांत कुणी कामाचा दिवस मोडून पणजीला जाणार नाही. अपारसाठी पालकांची लेखी संमती लागते. ती घेताना कशासाठी आहे ते शांतपणे समजावून सांगा. नुसता अंगठा घेऊ नका.

निवडणूक, जनगणना आणि आपत्ती निवारण एवढी तीन कामं सोडली, तर शिक्षकाला शिक्षणाबाहेरच्या कामाला लावता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये हे आहे. २०२७ ची जनगणना आहे आणि मतदारयाद्यांचं कामही येतं, ती कामं करावी लागतात. हुकूम आला की तारखा नीट वाचा. शाळेत एकच शिक्षक उरणार असेल, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं चार दिवसांनी कुणाच्या लक्षात राहत नाही. कलमाचं नाव घेऊन भांडायला जाऊ नका. "माझ्याकडे इतकी मुलं, चार वर्ग, त्या दिवशी मी एकटी, काय करू ते सांगा" असं पत्र लिहिलं की वरच्या माणसालाही काहीतरी करावंच लागतं. कलम माहीत असावं, ते आपल्या मनाच्या बळासाठी.

पोषण आहार

आपल्याकडे जेवण महिलांचे स्वयंसहाय्य गट करून आणतात. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची, हा नियम कधीही सोडू नका. उपास असला तर त्या दिवशी सहकाऱ्याला घ्यायला सांगा. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या जेवणाने २३ मुलं दगावली, तेव्हापासून चव घेण्याचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. भाजीला आंबूस वास आला, पाव बुरसलेला दिसला, तर वाढू नका. गटाच्या बायकांना बाजूला घेऊन सांगा, वहीत लिहा आणि अधिकाऱ्यांना कळवा. त्यांचीही पोटं त्यावर आहेत आणि बिलं उशिरा मिळण्याचा त्रास त्या सोसतात, हे ध्यानात ठेवून बोला. पण वाईट अन्न मुलांपुढे जाता कामा नये.

जेवण आल्यावर शाळेचा सगळा कारभार अर्धा तास थांबतो. म्हणून ते मधल्या सुट्टीच्या वेळी यावं, आधी नाही, हे गटाशी ठरवून घ्या. सकाळच्या दोन तासांत भांड्यांचा आवाज आला की पहिलीचं लक्ष गेलंच.

पावसाआधी

मे महिन्यात एकदा शाळेत जाऊन या. कौलं, पन्हळ, विजेचा बोर्ड, शौचालयाचं दार, विहीर किंवा टाकी, कंपाउंडची भिंत. गळतीचे फोटो काढा आणि पत्राला जोडा. पंचायतीला एक प्रत, खात्याला एक, शालेय व्यवस्थापन समितीच्या वहीत एक नोंद. पाऊस सुरू झाल्यावर पाठवलेल्या पत्राला उत्तर चतुर्थीनंतर येतं.

सत्तरीत साप हा रोजचा विषय आहे. सरपणाचा ढीग, विटा, जुनी बाकं भिंतीला लावून ठेवू नका. सकाळी खोली उघडल्यावर मुलांना आत सोडण्याआधी कोपरे आणि चपलांची जागा बघा. सर्पदंश झालाच तर बांधाबांध, कापाकापी, मंत्रतंत्र काही नाही. मुलाला चालू-धावू देऊ नका, १०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेची गाडी वाड्यापर्यंत येऊ शकत नसेल तर कुणाच्या गाडीने मुलाला रस्त्यापर्यंत न्यायचं, ते आधीच ठरलेलं असू द्या. वाळपईचं सामाजिक आरोग्य केंद्र आमच्यासाठी जवळचं आहे. तुमचं कुठलं ते आणि त्यांचा नंबर दाराच्या आत मोठ्या अक्षरात लावा.

मूल काही सांगायला आलं तर

याबद्दल लिहिताना मला जड जातं, पण वगळता येत नाही. कधीतरी एखादं मूल काही सांगतं. घरातल्या, शेजारच्या किंवा शाळेत येणाऱ्या माणसाबद्दल. ऐकून घ्या. मध्ये तोंड घालू नका, पुन्हा पुन्हा विचारू नका, चारचौघांत बोलावू नका. मुलाने जे शब्द वापरले तेच लिहा, तारीख घाला, सही करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर त्याला शिक्षा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा फोन आहे. "गावची अब्रू जाईल, आपण बसून मिटवू" असं सांगायला मोठी मोठी माणसं येतील. त्यांना चहा द्या, पण कळवण्याचं काम थांबवू नका. त्या मुलाने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. गावात त्याला दुसरं कुणी नसेल.

सहशिक्षक

दोनच माणसं रोज एकत्र असतात, तेव्हा संबंध बिघडायला वेळ लागत नाही. आमची सहशिक्षिका दुसऱ्या तालुक्यातून कदंबच्या दोन बसगाड्या बदलून येते. पावसात तिला उशीर होतो. उशिराची नोंद करणं माझं काम आहे, मी ते करते. पण तिची बस चुकली तर तिच्या गटाला काय द्यायचं याची पिशवी कपाटात तयार असते, म्हणजे राग मुलांवर निघत नाही. मुख्याध्यापक म्हणून सहकाऱ्याचं काम बघायचं असेल, तर त्याच्या वर्गात मागे बसून टाचणं काढू नका. मुलं गेल्यावर वीस मिनिटं बसा आणि एखाद्या मुलाची वही मधे ठेवा. हा मुलगा ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतो, मात्रा विसरतो, का? तुझ्याकडे काय केलंस, मी काय करू? वहीबद्दल बोललं की माणसाला आपली परीक्षा चालली आहे असं वाटत नाही. आमच्या शाळेत जे काही सुधारलं, ते याच वीस मिनिटांतून.

आजारी असताना रजा घ्या आणि सहकाऱ्यालाही घेऊ द्या. दोघांनी मिळून वर्षभर शाळा उभी ठेवायची आहे.

पालक

शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असा कायदा आहे. कागदावर तसं असतंच. बैठकीला माणसं यायला हवी असतील तर ती संध्याकाळी ठेवा, कामावरून परतल्यावर, आणि अर्ध्या तासात संपवा. शाळेच्या गरजांची यादी वाचून दाखवण्याआधी त्यांच्या मुलाला काय वाचता येतं ते दाखवा. त्यासाठी मी मुलालाच उभं करते. जूनमध्ये शब्दांवर अडलेल्या मुलाने डिसेंबरात पानभर गोष्ट वाचली, की बापाच्या तोंडावर जे दिसतं त्याच्यापुढे कुठल्याही जाहिरातीचं काही चालत नाही. पुढच्या वर्षी त्याच वाड्यावरची आणखी दोन नावं पटावर येतात.

मोबाईलबद्दल पालक विचारतात. मी एवढंच सांगते, मूल झोपायच्या आधी तासभर फोन घरातल्या मोठ्या माणसाकडे राहू द्या आणि त्या वेळात मुलाने शाळेतून आणलेलं पान कुणाला तरी वाचून दाखवावं. पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडचे धडे चांगले आहेत, पण त्यासाठी फोन मुलाच्या हातात सोडून जाऊ नये.

चौथीनंतर

आपलं काम चौथीला संपत नाही. एप्रिलमध्ये निकाल दिला की मुलं जवळच्या हायस्कूलला पाचवीला जातात, तिथे एका वर्गात निरनिराळ्या शाळांची मुलं एकत्र येतात आणि सरकारी प्राथमिक शाळेतलं मूल मागच्या बाकावर जाऊन बसतं. दाखल्याबरोबर एक साधं पान पाठवा. हे मूल गोष्ट वाचतं, भागाकारात अडतं, घरी कन्नड बोलतं, याला समोर बोलायला भीती वाटते पण लिहून छान सांगतं, याचा मामा त्याच हायस्कूलच्या बसवर चालक आहे. पाचवीच्या वर्गशिक्षिकेला जूनमध्ये एकदा भेटून ते पान हातात द्या. गणपतीच्या सुट्टीनंतर फोन करून कोण मागे पडतंय ते विचारा. त्या मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर आपल्या शाळेत तासभर येऊ द्या. कायद्याने खाजगी शिकवणी घेता येत नाही, आणि याचे पैसेही घ्यायचे नाहीत. भागाकार तर आम्ही त्यांच्याकडून चौथीच्या मुलांना शिकवून घेतो.